पुसून टाकलेला माग

चकाचकचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. आधी तोंड धुवायचं, मग ज्या बेसिनमध्ये तोंड धुतलं ते बेसिन धुवायचं, आणि मग ज्या फडक्यानं बेसिन पुसलं ते फडकं. बायको झोपेतच म्हणायची, "आता साबण पण धुवा एकदा." साडेचारला तो बस डेपोच्या धुलाईच्या शेडमध्ये गमबूट चढवून हजर असे.

बस धुणं म्हणजे बाहेरून पाणी मारणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शेवटच्या सीटखाली हात घालून बघावा. चघळून चिकटवलेलं च्युइंगगम, कापलेली नखं, चोखून टाकलेल्या कोयी, केसांचे गुंते, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या पोटातलं सगळंच्या सगळं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यानं हे खरवडून काढलं आणि त्याची किळस एक दिवसही कमी झाली नाही. "होते सवय," असं बाकीचे म्हणायचे. त्याला झाली नाही. किळस होती म्हणून तर बस स्वच्छ निघायची. ज्याला घाणीची सवय झाली तो पाट्या टाकायला लागला, असं खुशाल समजावं.

डेपोत त्याला खऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. चकाचकच म्हणायचे. म्हणायचे थट्टेनं, पण आपल्या ड्यूटीला त्यानंच धुतलेली गाडी मिळावी म्हणून ड्रायव्हर एकमेकांत भांडायचे.

बायको वृद्धाश्रमात सेविका होती. म्हाताऱ्या माणसांना उचलून उचलून तिच्या कमरेचे बारा वाजले होते. त्या वर्षी आश्रमानं नवं काम काढलं. रुग्णांच्या घरी जायचं, औषधं द्यायची, पट्ट्या बदलायच्या. उचलाउचल नाही. अट एकच, येण्याजाण्याला स्वतःची गाडी हवी. काम येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू व्हायचं होतं, आणि गाडीवाली दुसरी एक बाई तयारच बसली होती.

गाडी घरात होती. जुनी, पण बाहेरून आरशासारखी. बायकोच्या धाकट्या भावाकडून घेतलेली. हा मेव्हणा म्हणजे हजरजबाबी, हसतमुख आणि कामाला निम्मा. त्यानं बसवलेला नळ गळायचा, त्यानं लावलेलं दार घासायचं. गाडीच्या कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बाटली दर दोन दिवसांनी रिकामी व्हायला लागली तेव्हा तो म्हणाला, "दाजी, तुम्ही हात पण लावू नका. माझ्यावर सोडा." चकाचकनं सोडलं. बायकोचा भाऊ. नाही कसं म्हणणार?

दहा दिवस उरले असताना बायको बाजारातून येत होती. गाडीचा तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला आणि बॉनेटखालून वाफ आली. तिनं शहाणपणा केला, तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि गाडी दोरीनं ओढत घरी आणवली.

रात्रभर इंजिन गार होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी चकाचकनं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि तो चार पावलं मागेच सरला. आत हिरवं पाणी दिसायला हवं होतं. होता तपकिरी गाळ. वर साय धरलेली, सायीत चमकणारा भुगा. बोट घातलं तर बोटाला चिकटून तार निघाली. बसच्या सीटखाली इतकी वर्षं काढलेल्या माणसानं ते बोट तीनदा साबणानं धुतलं.

मेव्हण्याला बोलावणं गेलं.

"हे काय ओतलंस?"

"पावडर. गळती बंद करायची. दोन मिनिटांचं काम, दाजी."

"किती?"

"दोन पाकिटं. एकावर एक फुकट होतं."

"आणि कूलंट?"

"नळाचं पाणी घातलं की. पाणी ते पाणी."

"गळती थांबली?"

मेव्हण्यानं डोकं खाजवलं. "थोडी कमी झाली होती ना, ताई?"

बायको म्हणाली, "माझं इंजिन जळलं असतं ना, तर तुझ्या पाठीवर बसून गेले असते मी कामाला. घरोघरी."

चकाचकच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. काम येत नाही हा गुन्हा नाही. पण भोक आहे ते शोधायचं सोडून वरून चिखल ओतायचा आणि हात झटकायचे, याची त्याला ओकारीपेक्षा जास्त शिसारी होती.

खालचा बूच काढून त्यानं सगळं टबात सोडलं. वास गोडसर. गोड असला तरी कूलंट विषच, म्हणून गल्लीतल्या मांजरांनी तोंड घालू नये यासाठी टबावर फळी ठेवली. मग नळी लावून पाणी सोडलं. इंजिनातून हळूहळू नितळ पाणी यायला लागलं. रेडिएटरमधून आलं नाही. त्याच्या बारीक नळ्या त्या चिखलानं बुजल्या होत्या त्या बुजल्याच. तो बदलावा लागणार हे तेव्हाच कळलं.

पण मूळ गळती कुठे होती? ती सापडली नाही तर नवा रेडिएटरही चार दिवसांत रिकामाच होणार.

इथे चकाचकनं त्याला सगळ्यात चांगलं येणारं काम केलं. त्यानं इंजिन धुतलं. ब्रश, साबण, बारीक सळईला गुंडाळलेलं फडकं. वाकून, लोळून, कोपरापर्यंत हात घालून. दुपारपर्यंत इंजिन दुकानातल्या भांड्यासारखं लखलखायला लागलं. नवा रेडिएटर बसवला, कूलंट भरलं, खाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर डाव्या बाजूला थेंब होते. त्यानं डावीकडची रबरी नळी बदलली. पुन्हा सगळं पुसलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब, या वेळी मधोमध. बायको नुसती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. कमरेला हात लावून.

तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. दुकान एक म्हाताऱ्या मावशी चालवायच्या. चष्मा कपाळावर, हात काळे.

"कुठून गळतंय?" मावशींनी विचारलं.

"तेच कळत नाही. सगळं इंजिन धुऊन लख्ख केलं, तरी दिसत नाही."

मावशींनी चष्मा खाली घेतला. "किती वेळा धुतलंत?"

"रोज."

"वा! म्हणजे चोर घरात शिरला, आणि पावलांचे ठसे तुम्हीच रोज पुसताय." त्या हसल्या. "दादा, कूलंट बाहेर आलं की वाळतं आणि डाग धरतं. डागाच्या मागे जायचं. खाली थेंब कुठे पडतो त्याला काही अर्थ नाही, तो पत्र्यावरून वाटेल तिथे ओघळतो. घाण होऊ द्या. पुसायचं नाही. सोसेल का?"

सोसणार नव्हतं. पण सोमवार जवळ येत होता.

तीन दिवस बायकोनं गाडी आश्रमापर्यंत चालवली, रोज सकाळी बाटली भरून आणि काट्यावर डोळा ठेवून. तीन दिवस चकाचक संध्याकाळी बॉनेट उघडायचा, आत धूळ बसलेली बघायचा, आणि खिशातल्या फडक्यावर मूठ आवळायचा. एकदा हात पुढे गेलाच. बायको खिडकीतून ओरडली, "अहो! हात मागे!"

"फॅनच्या पट्ट्यावर पान पडलंय वाळकं."

"पान चालेल. तुम्ही नाही."

चौथ्या दिवशी त्यानं टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेतला आणि पट्ट्याच्या मागे धरला. तिथे वॉटर पंप होता, इंजिनात पाणी फिरवणारा, मुठीएवढा. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक, आणि भोकाखाली हिरवट-पांढरा ओघळ वाळलेला. पोराच्या न पुसलेल्या नाकाखाली असतो तसा. चकाचकच्या अंगावर काटा आला. तरी तो बराच वेळ आरशात बघत राहिला. इतकी गलिच्छ आणि इतकी हवीशी गोष्ट त्यानं आधी पाहिली नव्हती.

मेव्हणाही वाकून बघायला आला. "भोक आहे होय! मग ते बुजवून टाकू की."

"ते भोक बनवणाऱ्यानंच ठेवलेलं असतं," चकाचक म्हणाला. "आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं, म्हणून. ते सांगतंय की पंप गेला. तू त्याचं तोंड दाबायला निघालास."

शनिवारी पंप काढला. पट्टा उतरवला, पुली काढली, बोल्ट एकेक करून डब्यात ठेवले. पंप निघाला तेव्हा इंजिनाच्या तोंडाला सांधा बंद ठेवणाऱ्या जुन्या गॅस्केटचा कागद भाजून चिकटला होता. तो पूर्ण निघाल्याशिवाय नवा पंप बसवायचा नाही, नाहीतर पुन्हा गळती. चकाचकनं खरवडायची पत्री मेव्हण्याच्या हातात दिली.

"मी?"

"तू. ओरखडा न उठवता खरवड."

पाच मिनिटांत मेव्हणा म्हणाला, "झालं."

"नख फिरव."

मेव्हण्यानं फिरवलं.

"लागतंय काही?"

"किंचित."

"मग झालं नाही."

दुसऱ्यांदा झालं नाही. तिसऱ्यांदाही नाही. बायको टॉर्च धरून उभी होती, ती म्हणाली, "सोडा त्याला. त्याचा घाम बघा, गॅस्केटपेक्षा जास्त गळतोय." शेवटी चकाचकनं पत्री परत घेतली आणि गुडघे टेकले. त्यानं कागद काढला, कागदाखालची काजळी काढली, काजळीखालचा गंज काढला. इतके दिवस जी पुसापुशी करायची नव्हती ती करायची जागा अखेर सापडली होती. नख फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं गेलं.

नवा पंप बसला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. कूलंट भरलं, हीटर पूर्ण चालू ठेवून इंजिन सुरू केलं आणि झाकण उघडं ठेवून आतली हवा बुडबुड्यांनी निघेपर्यंत वर ओतत राहिला. रविवारी बायको शहराला दोन फेऱ्या मारून आली. काटा मधोमध. रात्रभर पुठ्ठा कोरडा.

सोमवारी ती गेली. चकाचक पहाटेपासून बसगाड्या धुवत होता, पण कान शेडच्या टेलिफोनकडे होते. टेलिफोन वाजला नाही. संध्याकाळी तो फाटकाशी उभा असताना गाडी वळणावरून आली. चाकांना चिखल, काचेवर पक्ष्याची घाण. बायको उतरली ती सरळ उतरली, कमरेला हात न लावता.

"पाच घरं झाली," ती म्हणाली. "कुणाला उचललं नाही. आणि एका आजोबांनी विचारलं, गाडी कुणाची? म्हटलं, माझी."

त्यानं बॉनेट उघडलं. आरसा लावला. पंपाभोवती नुसती धूळ होती. कोरडी. एक महिना तिला हात लावायचा नाही, असं मावशींनी बजावलं होतं. त्यानं नाक मुरडलं आणि बॉनेट लावून टाकलं.

वर्षभराच्या ओव्हरटाइममधून तो घरासाठी एक मशीन घेणार होता, डेपोत आहे तसलं, जोरानं पाणी मारणारं, फक्त लहान. त्या पैशांतून आला एक रेडिएटर, एक नळी उगाच बदललेली, कूलंटचे डबे, आणि मुठीएवढा एक पंप, जिथे फडकं पोचत नाही.