अंगठ्याची शाई

"इनका अंगूठा ले लो," काउंटरवरची मॅडम मला न विचारताच शेजारच्या मुलीला म्हणाली. मग नाकाला रुमाल. "और थोड़ा दूर खड़े रहो."

मी चौक गावची कोळीण. मासळीचं आवरून, अंग घासून आंघोळ करून आले होते. मीरा रोडच्या त्या सेंटरमध्ये माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या डोक्याचा एमआरआय होता. मेंदूत गाठ आहे हे कळलं होतं. केवढी, ते बघायचं होतं. भूल द्यायची म्हणून पोर सकाळपासून उपाशी. माझ्या खांद्यावर मान टाकून सारखी पाणी मागत होती.

मी दहावी पास आहे. 'पेन द्या' अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे रांग. नंबर गेला तर पुढची तारीख कधीची, कोण जाणे. मी हात पुढे केला. त्या मुलीने माझा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर दाबला. कागद मी वाचलाच नाही.

पोर मशीनमधून बाहेर आली ती अंगभर पित्ताच्या लाल गांधी घेऊन. ओठ सुजलेले. धावपळ झाली, सुई टोचली, हळूहळू उतरलं. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "आधी कधी स्कॅनच्या रंगाच्या इंजेक्शनने असं झालं होतं?"

"झालं व्हतं. सीटी स्कॅनच्या टायमाला."

"मग फॉर्मवर लिहिलं का नाही? तुम्हा लोकांना काही कळत नाही."

फॉर्म बघितला. तोच प्रश्न, स्वच्छ मराठीत, पुढची जागा कोरी. खाली माझा अंगठा. मला माझीच शिसारी आली.

गाठीचं ऑपरेशन झाल्यावर पुन्हा एमआरआयसाठी तिथेच पाठवलं. तीच मॅडम, तोच पॅड पुढे सरकवला. मी मागे ढकलला.

"पेन द्या. मी वाचनार हाय."

"टाइम नहीं है, पीछे लाइन है."

"असू दे लाईन. पोर माझी हाय."

ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. त्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं, काय झालं होतं तेही लिहिलं. खाली पूर्ण नावाने सही.

गाठ परत येईल का, कोणी सांगत नाही. दर काही महिन्यांनी त्याच दारात उभं राहायचंय, सुटका नाही. लावा नाकाला रुमाल. माझा अंगठा मात्र तुमच्या पॅडवर पुन्हा टेकणार नाही.