मेहुण्याचा इन्व्हर्टर

मला माझ्या मेहुण्याचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीतला त्याचा बंगला, चार माणसांतलं त्याचं वजन, फौजेतून निवृत्त झाल्यावरही सपाट राहिलेलं त्याचं पोट, यांतल्या कशाचाही नाही. हेवा वाटतो तो त्याच्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरचा. आणि त्या इन्व्हर्टरवर त्यानं माझ्या मुलीबरोबर जे बघितलं, त्याचा.

मी कराडला एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. रॉक ऐकायचा नाद कॉलेजात असताना लागला. हॉस्टेलच्या खोलीतल्या माझ्या जोडीदाराकडे कॅसेटी होत्या, आणि त्याला झोप लागली की मी त्या ऐकायचो. पण आमच्या भागात रॉक बँड कोण आणणार? यात्रेला ऑर्केस्ट्रा येतो, गणपतीत डीजे येतो, आणि तेवढ्यावर लोक खूश असतात. पुण्या-मुंबईला कधी एखादा परदेशी बँड आलाच, तर नेमके माझ्याकडे तपासायचे पेपर, नाहीतर घरात कुणाचं तरी लग्न. त्यामुळे प्रत्यक्ष कॉन्सर्ट मी आजवर एकही बघितलेली नाही. बघितली ती सगळी रेकॉर्डिंगं, आमच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या टीव्हीवर.

बायकोला त्यात रस नव्हता. “केस वाढवून बोंबलत्यात, त्यात काय बघायचं?” म्हणून ती आत जाऊन पडायची. मुलगी मात्र प्राथमिक शाळेत असल्यापासून माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. मग मी मास्तर असल्यामुळे असेल, त्याला नियम आले. रविवारी दुपारची जेवणं झाली की पडदे ओढायचे. दोघांनीही काळं घालायचं. मधे थांबवायचं नाही, कारण खरा गायक तुम्हाला पाणी प्यायचंय म्हणून थांबत नाही. एखादं गाणं आवडलं नाही म्हणून पुढं ढकलायचं नाही. बोलायचं नाही. शेवटच्या गाण्याला उभं राहायचं.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, लाइट गेली की कॉन्सर्ट संपली. बँड घरी गेला. आपण पडदे उघडायचे आणि आपापल्या कामाला लागायचं. परत कधी लावलीच तर पहिल्यापासून लावायची, अर्ध्यातून नाही. हा नियम मी केला तेव्हा आमच्याकडे लाइटचा काही नेम नसायचा, आणि चिडचिड करण्यापेक्षा नियम केलेला बरा असा माझा हिशेब होता. पुढं लाइट बरी झाली तरी नियम राहिला. बायको कितीतरी वर्षं इन्व्हर्टर घेऊ म्हणत होती. मी नाही म्हणायचो. तिला वाटायचं मी चिक्कू आहे. तेही थोडं खरं होतं.

या नियमापायी एक कॉन्सर्ट आमच्या हातून कायमची निसटत राहिली. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बँडचा कुठल्याशा मैदानावरचा कार्यक्रम होता, चांगला लांबलचक. पहिल्यांदा लावला तेव्हा वाऱ्यानं तार तुटली. दुसऱ्यांदा डीपी उडाली. एकदा लाइट टिकली तर फलटणचे पाहुणे आले, आणि पाहुणे आल्यावर टीव्ही बंद करणं आलंच. शेवटचं गाणं आम्ही कधीच बघितलं नाही. मुलीनं त्या कॉन्सर्टला नावच पाडलं, ‘अपुरी’. वाढदिवसाला, परीक्षा संपल्यावर, काहीही चांगलं झालं की ती विचारायची, “पप्पा, अपुरी लावायची?” आणि आम्ही नव्या उमेदीनं पहिल्यापासून सुरू करायचो. शेवट काय असेल यावर आमच्या पैजा लागायच्या. बघायचा तर दोघांनी मिळूनच, हे कधी बोलायची गरज पडली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

बारावीनंतर तिला हवी ती शाखा सांगलीत मिळाली. कराडला इंजिनिअरिंग कॉलेज असताना पोरगी सांगलीला पाठवायची हे माझ्या पोटात दुखत होतं, पण मिळाली ती मिळाली. राहायला मामाचं घर होतं. मेहुण्याची दोन्ही मुलं परदेशी, नवराबायको दोघंच त्या मोठ्या बंगल्यात. त्याला आनंदाचं भरतं आलं. “दाजी, पोरीची कायबी काळजी करू नगासा. आमी हाय की!” मला तीच काळजी होती.

पहिल्या वर्षी ती दर शनिवारी घरी यायची. मग एखादा रविवार चुकायला लागला. मग फोनवर मामाचं पुराण सुरू झालं. मामानं मिलिटरी कॅन्टीनमधून भिंतभर टीव्ही आणलाय. मामानं स्पीकर लावलेत, खिडक्या हादरतात. मामाला मी कॉन्सर्ट दाखवली, त्याला लय आवडली. शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी फोन बायकोच्या हातात दिला. मेहुण्याला लेझीम आणि पोवाडा सोडून काहीच आवडत नाही, हे मला लग्नापासून माहीत होतं. त्याला बेस गिटार आणि साधी गिटार यांतला फरक तरी कळत होता का?

बायकोला माझ्या चेहऱ्यावरचं वाचता येतं. ती म्हणाली, “आवं, सवत आणल्यागत काय तोंड करताय? माझा भाऊ हाय त्यो.”

एका रविवारी मी न कळवताच सांगलीला गेलो. पाचगणीहून एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी स्ट्रॉबेरी पाठवल्या होत्या, त्या पोचवायचं निमित्त केलं. बंगल्याच्या फाटकातूनच ड्रमचा आवाज येत होता. भर उन्हात पडदे सताड उघडे, खिडक्या उघड्या, दारही उघडं. नियमाचा एक तुकडा शिल्लक नव्हता. मी चपला काढून दारात उभा राहिलो तरी आत कुणाला पत्ता नव्हता.

मेहुणा बनियन आणि अर्ध्या चड्डीत हॉलच्या मध्यभागी उभा राहून टाळ्या वाजवत होता, त्याही ठेक्याला सोडून. मधेच ओरडत होता, “ए ढोलवाला, वाजीव रं गड्या!” मामी स्वयंपाकघराच्या दारात हसून हसून वाकली होती. आणि माझी मुलगी नाचत होती. केस मोकळे, ओढणी कमरेला बांधलेली, डोळे मिटलेले. ओरडत होती, उड्या मारत होती, मामाचा हात धरून त्याला फिरवत होती. एवढ्या वर्षांत तिला असं मी बघितलं नव्हतं. ती नाचते हेच मला ठाऊक नव्हतं.

मग तिनं डोळे उघडले आणि मी दिसलो. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर आवाज कमी केला. ओढणी सोडून खांद्यावर घेतली, केस मागे बांधले आणि सोफ्यावर पाठ ताठ करून बसली, आमच्या घरी बसते तशी.

मेहुण्यानं मला मिठी मारली, पाणी दिलं, जेवायला थांबवून घेतलं. मटण फार चांगलं झालं होतं. मी एक घासही चवीनं खाल्ला नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकवून मनातल्या मनात मेहुण्याला शिव्या देत होतो. त्यानं माझी गोष्ट घेतली होती आणि ती चुकीच्या पद्धतीनं करून माझ्यापेक्षा जास्त मजा मिळवली होती. ठेका चुकलेल्या टाळ्यांवर माझी पोरगी नाचत होती, आणि माझ्या शिस्तीत ती वर्गात बसल्यासारखी बसत आली होती. हे मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं म्हणूनच राग त्याच्यावर काढत होतो.

एकच समाधान होतं, अपुरी आमची होती. तिला मामानं हात लावलेला नव्हता.

तेही फार टिकलं नाही. तिचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं, तेव्हा मेहुण्याचा फोन आला. आवाजात विजय मिळवल्याचा आनंद. “दाजी, तुमचा त्यो अपुरा कार्यक्रम आमी पुरा क्येला बरं का!”

त्यानं सगळं रंगवून सांगितलं. ऐन रंगात आल्यावर लाइट गेली. पंखा, टीव्ही सगळं क्षणभर गचका खाऊन पुन्हा सुरू झालं. पण पोरगी आपली उठली आणि म्हणाली, संपलं मामा. आणि खिडकीकडं चालायला लागली, उघड्याच असलेल्या खिडकीचे पडदे उघडायला.

“मी म्हनलं, आगं संपलं कुटं? इन्व्हर्टर हाय की! चालूच हाय त्यो गडी!” मेहुणा हसत सुटला. “लय वेळ तशीच हुबी ऱ्हायली. मग बसली बगा.”

मी विचारलं, “शेवटपर्यंत बघितलं?”

“तर! निस्तं बगितलं न्हाई, वन्स मोअर दिऊन मागं घिऊन परत बगितलं.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी दहावीच्या वर्गाला विनाकारण झापलं. लाइट गेली होती. नियमानं कॉन्सर्ट संपली होती. ती उठलीसुद्धा होती! एका पेटीभर बॅटरीनं माझ्याकडून ती हिसकावून घेतली, असं मला वाटलं, आणि आजही तसंच वाटतं. मुलीनं मला यातलं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती फोनवर बोलायची तेव्हा मी वाट बघायचो, आता सांगेल, मग सांगेल. तिनं सांगितलं नाही, याचा मला मामापेक्षाही जास्त त्रास झाला.

यंदा तिला बंगळुरूला नोकरी लागली. जायच्या आधीचा रविवार ती आमच्याकडे होती. जेवणं झाली. तिनं आपण होऊन काळा कुर्ता घातला, पडदे ओढले आणि विचारलं, “काय लावू?”

“अपुरी,” मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लावली. मी पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होतो. पुढं काय येणार हे जिला माहीत असतं तिचा चेहरा कसा दिसतो, ते मला बघायचं होतं. ती ताठ बसली होती. हात मांडीवर. एकेक गाणं संपत गेलं. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं होतं, आणि आमच्याकडे आभाळ नुसतं भरून आलं तरी पुरतं. गायकानं घाम पुसला, माइक तोंडाजवळ नेला, आणि टीव्ही काळा झाला.

मुलगी उठली. सवयीनं खिडकीकडे गेली, पडद्याला हात घातला.

“राहू दे,” मी म्हणालो. “बस. शेवट सांग.”

पडदा हातात धरून ती तशीच उभी राहिली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुझ्या मामानं. त्याच्या पोटात काय राहतंय?”

“पप्पा, मी सांगणार होते.” तिनं पडदा सोडला. “रोज सांगणार होते.”

“मला लय राग आलाय,” मी म्हणालो. घरात मी असं बोलत नाही, पण तेव्हा तसंच आलं. “तुझ्यावर आहे, त्याच्यावर आहे, त्याच्या त्या बॅटरीवर आहे. पण तू जाणार आणि मला शेवट कळायचा नाही. म्हणून सांग.”

ती पहिल्यांदा बसूनच सांगायला लागली, परीक्षेत उत्तर सांगावं तशी. दिवे विझतात. एकटा ढोलवाला राहतो. ड्रमरला ती ढोलवाला म्हणाली. हा शब्द माझ्या घरातला नव्हता, आणि तो ऐकून मला पुन्हा खुपलं. मग ती म्हणाली, असं नाही कळायचं, आणि उभी राहिली. गिटारवाला कसा मागे मागे चालत येतो ते तिनं चालून दाखवलं. तिचा पाय सोफ्याला आपटला. मैदानातले लोक कसे गातात ते तिनं गाऊन दाखवलं, भसाड्या आवाजात. केस सुटले. आत झोपलेली बायको उठून दारात आली आणि तिथंच टेकली.

“आणि सगळं संपल्यावर गायक म्हणतो, सगळे नीट घरी जा. एवढंच म्हणतो. इथं मामा रडला.”

“रडला? त्याला काय कळलं त्यातलं?”

“गाणं नाही कळलं. नीट घरी जा, एवढं कळलं. मामा म्हणाला, बॉर्डरवरनं सुट्टीवर निघालं की आमचे साहेब असंच म्हणायचे.”

मला त्या बँडची सगळी गाणी पाठ आहेत, आणि कुठल्याच कॉन्सर्टला मला कधी रडू आलेलं नाही. याचाही हेवा वाटला.

तेवढ्यात लाइट आली. टीव्ही उजळला, आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू करायचं का, असं त्यानं विचारलं. मुलीनं रिमोट उचलला. तिचा श्वास लागला होता, कपाळावर घाम होता.

“लावू?” ती म्हणाली. “एवढ्या एका वेळेला? तुम्ही म्हणालात तर.”

बटणावर तिचा अंगठा होता. बायकोही माझ्याकडे बघत होती.

“बंद कर,” मी म्हणालो. “तू परत सांग. ढोलवाल्यापासून.”

ती हसली, रिमोट सोफ्यावर टाकला आणि ओढणी कमरेला बांधायला लागली.

“आणि हे मामाला सांगू नकोस,” मी म्हणालो. “त्यानं तो शेवट नुसता बघितलाय.”