भाऊचं न उडालेलं क्षेपणास्त्र

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरच्या स्टँडवर दिघोरीच्याच एसटीची वाट पाहत होते. भाऊलाच भेटायला निघाले होते. "सरूताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी तलावाच्या पाळीवरून फिरून आला, पायरीवर टेकला आणि तिथंच... याला आता सहा आठवडे झाले.

दिवाकरभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमची धानाची शेती. घरातून इंजिनिअर झालेला तो पहिलाच. दक्षिणेकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्याला नोकरी लागली आणि त्याचं बोलणं कमी झालं. तो लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रावर काम करत होता, पण हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. सांगायची मुभाच नव्हती त्याला. बाबांनी विचारलं की 'सरकारी काम आहे' म्हणायचा आणि ताटाकडे बघायचा. शेवटी बाबांनीच गावाला सांगून टाकलं की पोरगा पंखे बनवतो. मग भाऊ सुटीवर आला की लोक बंद पडलेले पंखे घेऊन दारात हजर. तोही ओसरीत बसून निमूट दुरुस्त करून द्यायचा, आणि बाबा शेजारी खाट टाकून बघत राहायचे. त्या दोघांना इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबांनी अंथरूण धरलं. मी भाऊच्या ऑफिसात रोज फोन करत होते. तो बाहेरगावी आहे, निरोप पोहोचवू, असं उत्तर मिळायचं. बाबा दाराकडे तोंड करून झोपायचे. पाचव्या दिवशी ते गेले, अग्नी चुलतभावानं दिला. भाऊ आला तो थेट तेरवीला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबानं तुयी वाट पाह्यली." त्यानं मान खाली घातली. कुठं होता, ते सांगितलं नाही. पुढं दीड वर्ष मी त्याच्याशी बोलले नाही.

त्यानंतर एकदा पेपरात बातमी आली, की लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा कार्यक्रम सरकारनं रद्द केला. आतल्या पानावर, चार ओळींची. मी शिकवत होते त्या शाळेत, मधल्या सुटीत मी ती वाचली आणि पान उलटलं. आठवड्याभरानं भाऊ न कळवता गावी आला आणि महिनाभर राहिला. दाढी वाढलेली, जेवणात लक्ष नाही. माय घाबरली, तिनं मला बोलावून घेतलं. मी गेले तर तो पाळीवर बसला होता. मी जवळ बसले, तसा आपणहून म्हणाला, "मी जे करत होतो ना सरू, ते सरकारनं बंद केलं. बाबा गेले तवा मी त्या कामापाशीच होतो."

मग तो सावकाश सांगत गेला. समुद्रकाठी इंजिनाची जमिनीवरची चाचणी होती, आत गेलेल्याला काम संपेपर्यंत बाहेरचा निरोप मिळत नव्हता. अकरा वर्षांचं काम होतं ते. आता वह्यासुद्धा जमा करून घेतल्या होत्या, आणि बरोबरची माणसं निरनिराळ्या विभागांत पाठवली होती. माझ्या मनातला राग तोवर ओसरत आला होता, तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. "मंग बाबाले सोडून तू तिथं राह्यला, ते कायले?"

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "ते उडालं असतं, तर तुले काही सांगता आलं असतं... आता नाही सांगता येत." सरकारवर राग आहे का, असं विचारलं तर म्हणाला, बरोबरच ठरवलं असेल. "येवढ्या दूर जाऊन जिथं पडते, तिथंही कोणाचं गाव असतेच." आणि मग तो रडला. मोठेपणी भाऊला रडताना मी तेवढंच पाहिलं.

निवृत्त होईपर्यंत त्यानं तिथंच दुसरी कामं केली. मग वहिनीला घेऊन दिघोरीला परतला. मायची शेवटची सात वर्षं त्यानं तिला एक दिवसही एकटं सोडलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नालासुद्धा सकाळी आला आणि संध्याकाळी परत गेला.

परवा मी त्याच्या खोलीत बसले होते. टेबलावर फोन, आणि वरच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेले नंबर. पुणे, हैदराबाद, सुरत. वहिनी म्हणाली, हे गावातून बाहेर गेलेल्या पोरांचे. कोणाचे आईबाप आजारी पडले की हे स्वतः फोन लावायचे. तेवढ्यात पलीकडची कौसाबाई दारात आली. नवऱ्याला दवाखान्यात भरती केलं होतं, पोराचा नंबर तिच्याजवळ नव्हता. मी भिंतीवर शोधला आणि लावून दिला, पण तिला बोलवेना. मीच बोलले. पोरगा सांगू लागला, की कंपनीतून माल जाऊन राहिला, चार दिवसांनी सुटी मिळते...

"चार दिवसांनी नोको येऊ, बा," मी म्हटलं. "आजच निघ."