पाहुणे, आ करा!

माझ्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी तीन बोटांनी मोडलं. बोटंसुद्धा माझी नव्हती, नवऱ्या मुलाची होती!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी मलेरियाचा कर्मचारी. सायकलवरून गावोगाव फिरायचं, तापाचा माणूस गाठायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं आणि गोळ्या द्यायच्या. (लोक मला बघून ताप लपवायचे.) तेवढ्यात वरून हुकूम आला, की दात आणि तोंड हे आता वेगळं खातं नाही, सगळ्यांनी तेही बघायचं. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई, आवाज थेट हेडमास्तरांचा. "बोट टोचलं की तोंड बघायचं! माणूस एकच आहे, त्याचे तुकडे करू नका!"

त्यांनी एक सोपी परीक्षा शिकवली. माणसाने स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. गेली नाहीत, तर सुपारी खाऊन गाल आतून आखडले असं समजायचं आणि त्याला मोठ्या दवाखान्यात धाडायचं. मी इतका भारावलो की घरी आल्या आल्या बाबांचंच तोंड तपासलं. (त्यांनी माझं बोट चावलं. चुकून, असं ते म्हणतात.)

त्याच रविवारी हिंगणघाटचे पाहुणे आमच्याकडे नालवाडीला माझ्या बहिणीला, शकूला, बघायला आले. ही चौथी खेप. आधी एकाला तिचा रंग खटकला, एकाला उंची, एकाला आमचं घर. हा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, स्वभावाने गरीब, आणि मुख्य म्हणजे शकूने दाराआडून बघून आईला हळूच "चालते" म्हटलं होतं. या वेळी हे जमावं असं तिलाच वाटत होतं.

पोहे झाले. शकू येऊन बसली, नाव सांगून आत गेली. मुलाची आई हसली. आता तबकातली सुपारी फोडून बोलणी पक्की करायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात मुलाचे वडील उपरणं ओढून घेत म्हणाले, "कालपासून जराशी थंडी वाजून राह्यली."

थंडी! मी ताडकन उठलो आणि पिशवी घेऊन आलो.

"काकाजी, बोट द्या."

"काऊन?"

"टोचतो. सरकारी हाय."

बाबा डोळ्यांनी नको नको म्हणत होते. मी टोचलंसुद्धा. "आता आ करा!" काकाजींनी बिचाऱ्यांनी आ केला. "दात तीनच, पण तोंड एक नंबर!" सगळे खो खो हसले. इथे थांबलो असतो तर! पण मला चेव आला. मुलाच्या मामाचं तोंड बघितलं, आणि मग मुलाकडे वळलो.

"तुमी बी घाला तीन बोटं."

एक गेलं. दुसरं कसंबसं गेलं. तिसरं जाईना. मुलगा घामाघूम झाला, आणि मी गाढव शेजारी उभा राहून धीर देतोय, "घाला, घाला, लाजू नका!"

"सुपारी खाता काय?"

"दिवसभर!" मामा कौतुकाने म्हणाले. "खिसा कदी रिकामाच नाई राहात त्याचा."

मी खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर मुलाचं नाव घातलं. "मोठ्या दवाखान्यात दाखवा. पुढं कॅन्सर बी होऊ शकते. अन् हे सुपारी आजपासून बंद!" असं म्हणून मी तबकच उचलून आत नेऊन ठेवलं.

बैठकीतलं सुपारीचं तबक! मुलीच्या भावाने! मी परत येईपर्यंत मुलाची आई उभी राहिली होती.

"पोरगी द्याची नव्हती तं तसं सांगाचं! आमच्या पोराले रोग काऊन चिकटवता?"

"मावशी, तसं नाई..."

"चला हो, उठा!"

पाच मिनिटांत घर रिकामं झालं. काकाजी तेवढे तापाच्या गोळ्या घेऊन गेले.

शकूने बश्या विसळल्या आणि मग विचारलं, "दादा, तो खरंच बिमार होता काय?"

"हो."

"मंग बरं केलं तू," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

चार महिन्यांनी काकाजी स्वतः दारात हजर! मुलाने सुपारी सोडली होती. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर आणलं. "बाबू, लय उपकार झाले तुमचे!" माझ्या आशा पालवल्या. काकाजींनी पिशवीतून पत्रिका काढली. मुलाचं लग्न ठरलं होतं, आर्वीच्या मुलीशी. "सगळे या बरं!" शकूने त्यांना चहा दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर कारंज्याचे पाहुणे यायचे होते. त्या दिवशी सकाळीच बाबांनी मला आमच्या मामाकडे पिटाळलं. संध्याकाळी परतलो, तर लग्न ठरलेलं. अर्ध्या तासात!

शकू आज सुखात आहे. हे स्थळ कोणी जमवलं, असं कुणी विचारलं की बाबा माझ्याकडे बोट दाखवतात.

"यानंच जमवलं. घरी नव्हता ना तो!"