दवंडी आणि बहिणीच्या दोन पेट्या

किस्से आढीतल्या आंब्यांसारखे असतात. पेंढ्यात घालून विसरून जावं, एक दिवस वास सुटतो, मग वाटून टाकल्याशिवाय इलाज नसतो. पावस गावात भाऊंच्या पडवीत यंदा माझ्याकडे अशी अख्खी आढी साठली. एखाददुसऱ्या किश्शाला मी थोडा रंग आणलाय, पण कार्बाइड लावलेलं नाही.

भाऊ आंबा बागायतदार. यंदा त्यांनी दलालाला नाही म्हणून सांगितलं. सगळा माल थेट गिऱ्हाइकाला, नेटवरून.

"आणि नाही खपला तर?" वहिनींनी विचारलं. वहिनींचं माहेर लांज्याचं, बोलणं सरळ.

"तर पुढच्या वर्षी त्याच्याच दारात उभा राहीन, मान खाली घालून."

म्हणून मला बोलावलं. मी कोर्टातला स्टेनो, हल्लीच नोकरी सोडलेला. माऊस जमत नाही, टायपिंग जमतं. ते ओळखून माझ्या मुलीनं बंगलोरहून एक कमांड बसवून दिली होती. काळ्या स्क्रीनवर 'दवंडी' लिहायचं, पुढे मजकूर, आणि एंटर. पाच सोशल मीडिया साइटवर एकदम पोस्ट!

"मागे घेता येतं?" भाऊंनी विचारलं.

"ती सोय तिनं केलेली नाही."

"म्हणजे आमची आत्या. बोलली की बोलली."

*

पहिल्या दिवशी मी दोन दवंड्या सोडून पाहिल्या. 'चाचणी १' आणि 'चाचणी २'. दहा मिनिटांत पुण्याहून एकांचं उत्तर: "एक नंबरपेक्षा दोन नंबर गोड आहे का? नमुना मिळेल?"

भाऊ म्हणाले, "ह्यांना तीन नंबर दाखव. काय म्हणतात बघू."

*

मग भाऊंचा पहिला खरा मजकूर. "सर्व आंबाप्रेमींस सप्रेम नमस्कार. इकडील सर्व क्षेम, आपली खुशाली कळवावी. विनंती विशेष…"

पाचांतल्या एका साइटला लांब मजकूर चालत नाही. तिथे गाडी 'विनंती विशेष'वरच तुटली. मी म्हटलं, नमस्कार काढू या.

"अनोळखी माणसाशी एकदम आंब्याचं बोलायचं? आपण काय हातखंब्याला हायवेवर गाडीपुढे करंडी नाचवतोय?"

नमस्कार राहिला. दिवसभर त्या साइटवर लोक खुशाली कळवत होते. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीची दहावी. भाऊंनी प्रत्येकाला उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. आंबा एकानंही मागितला नाही.

"पण माणसं चांगली आहेत रे," भाऊ म्हणाले.

*

आणि मग आढी पिकली. चार दिवसांत हलली नाही, तर सगळा आंबा उतरणार, म्हणजे फेकायचाच. सकाळी मी गेलो तर भाऊंचा चहा तसाच गार पडलेला.

"आज नमस्कार राहू दे," म्हणाले. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

आता माझी खोड सांगतो. इतकी वर्षं कोर्टात काढल्यावर कानावर पडेल ते बोटांतून उतरतं. कोण कुणाला बोललं, ते बघणं माझं काम नव्हे. पाचही ठिकाणी गेलेला मजकूर असा:

"झाडावर तयार झालेला हापूस, पेंढ्यात पिकवलेला. अहो, फळ यंदा लहान आहे तेही सांगा. अगो, ते कशाला? खोटं नको, लहान आहे पण साखर आहे. मग मोठी फळं कुठे गेली विचारतील. सांगा, दोन पेट्या ह्यांच्या बहिणीसाठी काढून ठेवल्यात. बरं, तू आत जा. स्टेनो, पाठव."

वहिनींनी आत फोनवर वाचलं आणि भांडं हातातून सुटलं. भाऊ पायरीवर जाऊन बसले. "लाव दलालाला फोन."

फोन लावायच्या आत नागपूरच्या एका बाईंचा निरोप आला. "फळ लहान आहे असं सांगणारा बागायतदार पहिल्यांदाच भेटला. तीन पेट्या." पाठोपाठ नाशिक, ठाणे. पुण्याचे ते गृहस्थही आले, "बहिणीसाठी ठेवलेलीच मिळेल का?" दुसऱ्या संध्याकाळी आढीत नुसता पेंढा.

भाऊंनी ताजा चहा मागवला. तेवढ्यात आणखी एक निरोप. भाऊंच्या बहिणीचा, दादरहून.

"दादा, दरवर्षी 'मोहोर गळला' ऐकतेय. यंदा आठवण ठेवलीस, डोळे भरून आले. पेट्या कधी निघतायत?"

भाऊंनी तो दोनदा वाचून घेतला. "अगो, तिच्या त्या पेट्या आण बघू बाहेर. आजच पाठवतो."

मग वहिनी दारात आल्या, भाऊंकडे न बघता मला म्हणाल्या,

"भावजी, तुमची गाडी आहे ना? जरा लांज्याला जाऊन येता?"