कागदावरचे तीन काळे चौकोन

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकलीच नाही. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा असलेल्या दादाला मात्र एका जागी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पाचव्या वर्षी तो धावताना पडायला लागला. जिना चढताना गुडघ्यांवर हात रोवून स्वतःलाच वर ढकलायला लागला. दहाव्या वर्षी घरात चाकांची खुर्ची आली. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता तो. त्याला नाव होतं, औषध नव्हतं.

बाबा सुतार. त्यांनी घरातले सगळे उंबरे तासून जमिनीला लावले. आई टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायची, आणि घरी आली की दादाला कुशीवर वळवणं, पाय चोळणं, न्हाऊ घालणं. भिंगरी त्याला हवं ते आणून द्यायची आणि तो तिची गणितं सोडवायचा. "तू माझे पाय, मी तुझं डोकं," तो म्हणायचा, "सौदा तुझ्या फायद्याचा आहे, एवढं लक्षात ठेव."

आत्या अधूनमधून यायची. दादाकडे बघून उसासा टाकायची आणि म्हणायची, "आमच्याकडे सात पिढ्यांत असलं काही नाही बाई." आई हातातल्या चादरीची घडी घालत राही.

दादा अठराव्या वर्षी गेला. भर दुपारी, हृदय थकून. भिंगरी शाळेत होती. शिपायानं वर्गाच्या दारात येऊन तिचं दप्तर भरायला सांगितलं, तेव्हाच ती समजली.

वैद्यकीयचा प्रवेश तिला थोड्या गुणांनी हुकला. मग तिनं विद्यापीठात मानवी जीवशास्त्र घेतलं. आत्यानं चौकशी केली, "म्हणजे डॉक्टर होणार का?"

"नाही."

"नर्स?"

"नाही, आत्या."

"मग तीन वर्षं काय बेडूक कापत बसणार?"

खरं तर पुढे काय, हे भिंगरीलाही ठाऊक नव्हतं. कुणी प्रयोगशाळेत जातं, कुणी शिकवतं, कुणी व्यायामोपचाराकडे वळतं, एवढं ऐकून होती. पण अभ्यासात तिचा जीव रमला. डोळे मिटून बोटांनी चाचपून हाडं ओळखायची, जिना चढण्याआधी आणि नंतर एकमेकांची नाडी मोजायची. दुसऱ्या वर्षी एकदा मायक्रोस्कोपखाली स्नायूच्या दोन स्लाइड आल्या. एक निरोगी, दुसरी त्याच आजाराची. निरोगी स्लाइडमध्ये धागे कसे विणल्यासारखे दाटीवाटीनं बसलेले. दुसरीत धागे तुटक, आणि मधे मधे चरबीचे पांढरे पोकळ डाग. आठ वर्षं ज्या पायांना ती मोजे चढवत होती, ते आतून असे होते. ती उठून बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत आली आणि चित्र पूर्ण केलं.

तिसऱ्या वर्षी अनुवंशशास्त्राच्या मॅडमनी वंशावळ काढायला शिकवली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, ज्याला आजार आहे त्याचा आकार काळा भरायचा. "आपापल्या घराची काढून आणा," त्या म्हणाल्या, "नको वाटत असेल, तर पुस्तकातलं एखादं कुटुंब घ्या. मी कारण विचारणार नाही."

भिंगरीनं स्वतःचं घर घेतलं. दादाचा चौकोन काळा केला. हा आजार आईकडच्या गुणसूत्रावरून येतो, आई स्वतः आजारी न पडता त्याची वाहक असू शकते, हे तोवर शिकून झालं होतं. आईच्या बाजूला तिला फक्त मावशी माहीत होती. कागद घेऊन रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत बसली होती.

"आई, तुम्ही दोघीच बहिणी ना?"

आईचे हात थांबले. "कशाला हवंय?"

"अभ्यासाला."

आईनं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. मग आई खाली मान घालूनच म्हणाली, "दोन भाऊ होते. माझ्याहून मोठे. दोघंही चालायचे थांबले होते."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणाली, हे बाहेर कळलं तर तुम्हा दोघींची लग्नं होणार नाहीत. मला माहीत होतं असं नाही गं. पण माहीत नव्हतं असंही कुठल्या तोंडानं सांगू? तुझा दादा पहिल्यांदा पडला ना, तेव्हाच माझ्या पायाखालची जमीन सरकली. यांना फसवलं मी. वीस वर्षं मनावर दगड ठेवून जगतेय."

"मला माहीत होतं."

बाबा दारात उभे होते. हातात पेन्सिल, कानावर भुसा. "निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं होतं. हे आईकडून येतं, दोघं मिळून या, म्हणाले. मी म्हटलं, तिला सांगू नका, आधीच अर्धी झालीये. तुला कळलं तर तू स्वतःला खात बसशील, असं वाटलं मला."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. एकाच घरात दोघं, एकमेकांना जपायला, वर्षानुवर्षं मूग गिळून बसले होते.

भिंगरीला मात्र रडू आलं नाही, संताप आला. "आणि माझं? आई वाहक असेल तर मीही असू शकते. अर्धी शक्यता. मला कोण सांगणार होतं?"

बाबा हळूच म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, पुढे मुलीचंही बघावं लागेल. मी विसरलो. विसरलो म्हणजे... विसरायचं ठरवलं."

ती बाहेर निघून गेली. दुपारी परतली तेव्हा आईबाबा आतल्या खोलीत दार लावून बोलत होते. काय बोलले, ते तिला कधीच कळलं नाही. संध्याकाळी मात्र बाबांनी आत्याला फोन लावला आणि म्हणाले, "ताई, सात पिढ्यांचा विषय माझ्या घरात पुन्हा काढायचा नाही."

मॅडमनी तो कागद पाहिला. तीन काळे चौकोन, आणि खाली भिंगरीचं रिकामं वर्तुळ. त्यांनी गुण दिले नाहीत. मोठ्या रुग्णालयातल्या आनुवंशिक आजारांच्या विभागाचा पत्ता दिला. आई आणि ती दोघी गेल्या. तिथल्या समुपदेशक बाईंनी घाई केली नाही. तपासणी करायचीच असं नाही, न कळण्याचाही हक्क आहे, असं स्पष्ट सांगितलं. भिंगरीनं करायची ठरवली. महिन्याभरानं निकाल आला. ती वाहक होती. मुलगा झाला तर आजाराची निम्मी शक्यता, मुलगी झाली तर तिच्यासारखीच वाहक असण्याची निम्मी, हे सगळं तिला पाठ होतं. तरी त्या बाई बोलत असताना एकही शब्द डोक्यात शिरला नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. वाहक बायकांचं हृदयही कधीकधी दुबळं होतं, म्हणून आईचंही तपासलं. कचेरीचा जिना चढताना आईला दम लागायचा, तो सगळ्यांनी वयावर ढकलला होता. हृदय खरंच कमजोर झालेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

पुढे काय, हे भिंगरीला आता कळलं होतं. पदवी झाल्यावर तिनं समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला. मुलाखतीत एका वृद्ध डॉक्टरांनी विचारलं, "समोरच्या बाईत तुला तुझी आई दिसली, तर तू ऐकणार कुणाचं? त्या बाईचं, की आईचं?"

तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "आज सांगता येणार नाही."

तिला घेतलं नाही. वर्षभर थांबून या, म्हणाले. ते वर्ष तिनं एका प्रयोगशाळेत काढलं. रक्ताच्या नळ्या मांडायच्या, चिठ्ठीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळवायचं. सुरुवातीला वाटलं, शिक्षण पाण्यात गेलं. पण नमुना द्यायला आलेली माणसं खिडकीपाशी घुटमळत, काहीबाही बोलत, आणि उत्तर न देता नुसतं ऐकायचं कसं, हे ती त्या खिडकीतच शिकली. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला. ती म्हणाली, "दिसेल. न दिसल्याचं नाटक मी करणार नाही. पण त्या बाईला काय विचारायचंय, ते आधी तिलाच विचारीन." तिला प्रवेश मिळाला.

मावशीला सांगणं राहिलं होतं. तिला दोन मुली. भिंगरी म्हणाली, मी बोलते. आई म्हणाली, "नाही, हे माझं आहे." आईनं फोन केला, सगळं सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या घरातलं माझ्या घरात आणू नकोस." फोन ठेवला. त्यानंतर चार वर्षं ती आईशी बोलली नाही.

पाचव्या वर्षी मावशीची मोठी मुलगी रुग्णालयात आली, नवऱ्याला घेऊन. दिवस गेले होते तिला. भिंगरी तोवर त्याच विभागात कामाला लागली होती. नात्यातलं माणूस आपण हाताळायचं नाही, म्हणून तिनं सहकारी बाईंना बोलावलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसली. बाहेर येताना बहीण फक्त एवढंच म्हणाली, "आईला माहीत नाही मी आलेय ते."

दोन आठवड्यांनी निकाल आला. बहीण वाहक नव्हती.

आणि त्याच रविवारी मावशीचा फोन आला. बहिणीनं घरी सांगितलं असणार. आईनं घेतला. मग आई म्हणाली, "हो गं, थोरला पेटी वाजवायचा. धाकटा चिडवायचा त्याला." दोन्ही भावांची नावं भिंगरीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दीड तास दोघी बहिणी बोलत होत्या, मधेच रडत, मधेच हसत. भिंगरी भांडी घासत होती. तिनं नळाची धार बारीक केली.