लॅपटॉपची राखण

कोणी काही मागितलं की जिजी आधी ते देऊन टाकायची आणि मग विचारायची, कशाला हवं होतं. वर एक वाक्य ठरलेलं, "ने ना, ते काय मना बापनं शे?" म्हणजे, ते काय माझ्या बापाचं आहे? कढीपत्ता, शिडी, मिक्सरचं भांडं, लग्नात नेसायची पैठणी, गेलेल्या नवऱ्याची स्कूटर, सगळं याच एका वाक्यावर घराबाहेर पडायचं. त्यातलं निम्मं परत यायचं. उरलेल्या निम्म्याची ती चौकशीही करत नसे.

सातपूरला आमच्या खालच्या मजल्यावर ती एकटीच राहायची. माहेर सटाण्याकडचं. आयुष्य नाशकात गेलं तरी जिभेवरची अहिराणी उतरली नव्हती. आमच्याशी नीट मराठीत बोलता बोलता मायेच्या नाहीतर रागाच्या भरात ती 'शे'वर यायची. पहिल्या भेटीत मी तिला 'अहो जिजी' म्हटलं, तर म्हणाली, अहो म्हणायला मी काय तुझी सासू आहे? तेव्हापासून मी तिला अगं-तूगंच करत आले.

मी ज्या वर्कशॉपच्या ऑफिसात कामाला होते ते बंद पडलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर घरबसल्याचं एक काम मिळालं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी कॉम्प्युटरवर ऐकून घ्यायच्या आणि शिव्या खाऊनही गोड बोलायचं. पहिला महिना परीक्षेचा, टिकलात तर कायम. अट एकच, बोलताना लाइन तुटता कामा नये. आणि आमच्या घरात मोबाइलची रेंज खिडकीपर्यंत येऊन परत जायची. घरमालक नव्या वायरसाठी भिंतीला भोक पाडू देईना. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं, त्यामुळे हे काम गेलं तर पुढे काय, हा विचार मी करतच नव्हते.

जिजीकडे मात्र नेट होतं. पुण्याच्या मुलाने, दिनेशने, व्हिडिओ कॉलसाठी ते घेऊन दिलं होतं. नेट घरभर पसरवणारा डबा व्होल्टेज वाढून जळाला, तेव्हा त्याने फोनवरच आईला शिकवलं की वायर थेट जुन्या लॅपटॉपला लाव आणि हॉटस्पॉटचं बटण दाब, लॅपटॉपच हवेतून नेट वाटतो. जिजी त्याला 'हाटपाट' म्हणायची. वायरीतून येतं ते विहिरीचं पाणी, हवेतून जातं ते पाटाचं, असा तिने अर्थ लावला होता आणि मला तो आजही कुठल्याही तज्ज्ञाच्या समजावण्यापेक्षा बरा वाटतो. मी घाबरत घाबरत विचारलं, तुझ्या नेटवर काम करू का? तिने ठरलेलं वाक्य म्हटलं आणि पासवर्ड सांगून टाकला.

पहिल्याच दिवशी लाइन दोनदा तुटली. सुपरवायझरबाईंनी अत्यंत सभ्य भाषेत कळवलं की पुन्हा असं झालं तर उद्यापासून तसदी घेऊ नका. मी रडकुंडीला येऊन खाली धावले. जिजी लॅपटॉपसमोर उभी होती आणि त्याचा पडदा काळा पडला होता.

"याला डोळा लागतो गं," ती म्हणाली. तिने बोट लावलं, पडदा उजळला. "तू जा वर. आता नाही तुटायचं."

आणि खरंच तुटलं नाही. दिनेशला विचारून तिने काहीतरी दुरुस्ती करून घेतली असणार, असं मी धरून चालले. कानाला हेडफोन लावून मी दिवसभर वर बसायचे आणि संध्याकाळी खाली गेले की जिजी नेहमीसारखी हसून चहा टाकायची.

महिना संपत आला होता. एका दुपारी कंपनीचीच यंत्रणा बिघडली आणि आम्हाला थोडी मोकळीक मिळाली, म्हणून मी खाली गेले. बघते तर लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. वायर बाहेरच्या खोलीतून दाराच्या कडेकडेने आत आणलेली. जिजीचा उजवा हात भाकरीच्या पिठात होता. डावा हात कोरडा ठेवून ती मधूनमधून करंगळी लॅपटॉपवरून फिरवत होती.

हे काय चाललंय, विचारलं तर म्हणाली, राखण. लहानपणी ती बाजरीच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसायची. पाखरं दिसोत न दिसोत, राखणदाराने उठायचं नाही, हे तिला तेव्हा बापाने शिकवलं होतं. तिची आंघोळ मी कामाला बसायच्या आधी, बाजार माझं काम संपल्यावर. मधल्या वेळात ती या लॅपटॉपपासून हललीच नव्हती. दिनेशला का नाही विचारलंस? तर, त्याला कामात कशाला छेडायचं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात पिठाचा, म्हणून तिने स्पीकर लावला. सटाण्याहून तिचे भाऊ, नामदेवमामा, बोलत होते. पुतणीचा साखरपुडा नुकताच उरकला होता. सगळे फुई कुठे, फुई कुठे असं विचारत होते, फुई म्हणजे आत्या. गुडघा दुखत होता तर गाडी पाठवली असती, सख्खी बहीण येत नाही म्हणजे काय, असं बरंच बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. गुडघ्याची थाप तिने मारली होती आणि आज साखरपुडा आहे हे मला कळूही दिलं नव्हतं.

मी पुढे झाले, लॅपटॉपची सेटिंग उघडली आणि 'कधीच झोपू नको' अशा अर्थाच्या जागी टिचकी मारली. झालं. जिजी वाकून बघत होती.

"बस? इतलंच?"

मी मान हलवली. ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं. मी म्हटलं, "अगं जिजी, यापायी तुझा पुतणीचा साखरपुडा हुकला."

"माहीत असतं तर गेले असते," ती म्हणाली. "नव्हतं माहीत, म्हणून बसले. त्यात रडायचं काय?" आणि तिने भाकरी थापायला घेतली.

मदत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण केलेले कष्ट विनाकारण होते हे कळल्यावरही जिचा चेहरा तसूभर उतरला नाही अशी हीच एक. त्या ओट्यापाशी मला अक्षरशः तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही. तिने पिठाच्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला.

माझी नोकरी कायम झाली. त्या रविवारी मी हट्टाने तिच्याबरोबर सटाण्याला गेले. नामदेवमामा दारापुढच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला "या" म्हटलं, बहिणीला नाही. मग मीच सगळं सांगितलं, नोकरीचं, लॅपटॉपचं, शेवटच्या त्या टिचकीचंसुद्धा.

बहिणीकडे न बघता मामांनी विचारलं, "राखण करी राहिनी व्हती का?"

"हां," जिजी म्हणाली.

मामी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की साखरपुड्यात माहेरचं कुंकू मुलीला फुई लावते, मग ती सवाष्ण असो नसो, हा या घराचा मान. जिजी नाही म्हटल्यावर बायकांनी चुलतफुईला पुढे केलं, पण मामा पाटाजवळ उभे राहिले आणि त्यांनी कुणालाच कुंकू लावू दिलं नाही. सासरचं लागलं, माहेरचं तसंच राहिलं. पाहुण्यांत चर्चा झाली ती झालीच.

मामांनी मुलीला हाक मारली. स्वतः आतून पाट आणला, कुंकवाची कोयरी आणली आणि बहिणीपुढे ठेवली.

"बठ," ते म्हणाले. "तुनी जागा मी राखी ठेवेल शे."

जिजीने कुंकवात बोट बुडवलं, पण ते पुतणीच्या कपाळाकडे न्यायचं सोडून ती भावाकडेच बघत राहिली. शेवटी मामांनीच तिचं मनगट धरून कपाळापर्यंत नेलं.